भिंतीने खाल्लेली खोली

बाळांनो,

तुमच्यापैकी थोरल्याचा परवा फोन आला. घरासाठी जमीन घेतली म्हणाला. उतारावरची आहे, म्हणून जरा स्वस्त मिळाली. मागे दरी दिसते, फार सुंदर दिसते म्हणे. मी विचारलं, उतारावर माती धरायला भिंत लागेल, त्याचं काय? तर म्हणाला, "ते नंतर बघू, आजी. आधी घर होऊ दे." आणि पुढे सहज विचारलं, की बंगळूरचं आपलं घरही उतारावरच होतं ना, तेव्हा भिंतीला किती खर्च आला होता?

'नंतर बघू' हे शब्द कानावर पडल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे. राग तुझ्यावर नाही बाबा. हे शब्द मी आधी ऐकलेले आहेत, म्हणून राग. फोनवर एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. धाकट्यांनीही वाचा. घर तुम्हीही कधीतरी बांधाल.

मी शाळेत मुलींना इंग्रजी शिकवत असे आणि निबंधात मुद्दा आधी मांडा, तपशील मागून, असं बजावत असे. तेव्हा मुद्दा आधी. उतारावर घर बांधताना पहिल्यांदा भिंत कागदावर काढावी, मग घर. जिचा खर्च आधी धरलेला नसतो ती भिंत पुढे कुणाची तरी खोली खाते. आमच्या भिंतीने माझ्या आईची खोली खाल्ली. पण कुणाची खोली खायची हे काही भिंत ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, आणि नाव भिंतीचं घेतात.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात राहत होतो: तुमचे आजोबा, त्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि लहानगा तुमचा बाबा. आजोबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, यंत्रांचे सुटे भाग करायचे. त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या वस्तूत केसाएवढा फरक चालत नसे. कारखान्यातल्या लोकांनी सोसायटी काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जमीन घेतली. आज ज्याला इंदिरानगर म्हणतात त्याच्याही पलीकडे. तेव्हा तिथे रागीची, म्हणजे नाचणीची शेतं होती आणि खाली एक तळं होतं. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले. आमच्या वाट्याला उताराचा आला. पुढचा रस्ता वर, मागची गल्ली खाली, आणि मधे आमची जमीन पाखडायला धरलेल्या सुपासारखी कललेली. मागच्या कडेला उभं राहून वर पाहिलं तर रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचे पाय आपल्या डोक्याच्या वर दिसायचे. आजोबा खूश. वारा बघ, तळं बघ, म्हणाले.

आता माझ्या आईबद्दल. माझे वडील धारवाडला मास्तर होते. ते लवकर गेले. मी एकुलती एक. आई तिथेच दोन खोल्यांत भाड्याने राहत होती, पण घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला खोल्या हव्या झाल्या. आजोबा आपणहून म्हणाले, की आईंनी आता आपल्याकडेच यावं, नव्या घरात त्यांची वेगळी खोली काढू. हे त्यांच्या नावावर जमा आहे आणि मी ते लपवणार नाही.

आई आधी नाही म्हणाली. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे मुलीच्या घरचं अन्न आईबापांनी खायचं नसतं. दिली ती दिली, आता तिच्या घरचं ताट आपलं नव्हे. पाहुणी म्हणून चार दिवस जायचं, तेही निघताना नातवाच्या हातावर काहीतरी ठेवून यायचं, म्हणजे खाल्लेलं फिटलं. अशा बाईने कायमचं लेकीच्या घरी कसं राहायचं? शेवटी तिनेच वाट काढली. वडिलांच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा विकला आणि ते पैसे आजोबांच्या हातात दिले. म्हणाली, माझी खोली माझ्या पैशाने बांधा, म्हणजे मी कुणाच्या घरात नाही, माझ्या खोलीत राहते. मी त्या खोलीचा नकाशा स्वतः पट्टीने आखला होता. पूर्वेला खिडकी, भिंतीत देवांचा कोनाडा, आणि बसून रांधता येईल असा बुटका ओटा. ओटा कशाला, मुलीचंच स्वयंपाकघर आहे की, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी ओटा आखलाच.

दर रविवारी आजोबांचे तीन कारखान्यातले मित्र यायचे आणि चौघे मिळून घराचं इस्टिमेट करायचे. चौघेही यंत्रातले. घर त्यांतल्या एकानेही बांधलेलं नव्हतं, पण इंजिनिअर तो इंजिनिअर, मग लोखंडाचा असो नाहीतर विटांचा, अशी चौघांचीही समजूत. सिव्हिलच्या माणसाला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. दाराच्या बिजागऱ्या, खिडकीचे गज, नळाच्या तोट्या, सगळ्याचा हिशोब झाला. अगदी दारावरच्या घंटेचं बटणसुद्धा धरलं. भिंत धरली नाही.

का धरली नाही ते नीट ऐक, कारण तुझंही तसंच होणार आहे. कचेरीचं कर्ज मिळायचं ते घराच्या जोत्याच्या क्षेत्रफळावर. भिंत उभी राहणार घराच्या बाहेर, कुंपणाच्या कडेला. कर्जाच्या कागदात तिच्यासाठी रकाना नव्हता. आणि ज्याला रकाना नाही ते या शिकलेल्या माणसांच्या लेखी जगातच नव्हतं. मी एकदा चहा देताना विचारलं, की मागे एवढा मोठा खड्डा आहे त्याचं काय करणार? भराव घालू, आजोबा म्हणाले. मग भराव कोण धरून ठेवणार? त्यावर एक मित्र बशीतून मान वर करून म्हणाले, "वहिनी, तुम्ही व्याकरण बघा. ग्रॅव्हिटी आम्ही बघतो." चौघे पोट धरून हसले. सासूबाईही हसल्या, त्यांना ग्रॅव्हिटी म्हणजे काय ते माहीत नसताना.

पुढच्या बाजूचे पाये खणून झाले आणि मागच्या बाजूला ट्रकने माती येऊन पडू लागली. विकत घेतलेली माती. ती काही दिवस शहाण्यासारखी बसली आणि मग एक दोन जोराचे पाऊस झाल्यावर चालू लागली. खालच्या गल्लीत उतरली, गटार बुजलं, आणि गल्लीपलीकडच्या गृहस्थांच्या अंगणात गटाराचं पाणी शिरलं. ते कन्नड गृहस्थ हिशोबखात्यातून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य. छत्री घेऊन आमच्या मल्लेश्वरमच्या घरी आले, कॉफी घेतली आणि इंग्रजीत आजोबांना म्हणाले, की तुम्ही पाठवलेल्या मातीबद्दल मी आभारी आहे, पण माझ्याकडे ती ठेवायला जागा नाही. मग कॉफीबद्दल वेगळे आभार मानून ते थेट सोसायटीच्या चिटणिसांकडे गेले. दगडी भिंत पुरी झाल्याशिवाय भरावाला हात लावायचा नाही आणि घर पुरं झाल्याचा दाखला मिळणार नाही, असा सोसायटीचा हुकूम आला.

आता सिव्हिलच्या माणसाला बोलवावंच लागलं. त्याने सांगितलं ते असं: भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती हवी, पाया दगड लागेपर्यंत खोल, मातीत मुरलेलं पाणी बाहेर यायला भिंतीत ठिकठिकाणी नळ्या. जेवढी माती उंच भराल त्याच्या कितीतरी पट भिंत महाग. आकडा सांगत नाही, आज तो तुम्हाला खेळण्यातला वाटेल. घराच्या खर्चाचा चौथा हिस्सा तरी होता, एवढं पुरे. आणि तो हिस्सा कुठल्याच रकान्यात नव्हता.

पुढच्या रविवारी पुन्हा चौघे बसले. काय काय कमी करता येईल ते बघायला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बैठकीच्या खोलीची मोझेकची फरशी कमी करायची का? नको, ती एकदाच होते. आजोबांची अभ्यासिका? ती लहानच आहे. देवघर? छे. पुढची गाडीसाठी छपराची जागा? बाळांनो, आमच्याकडे गाडी नव्हती. सायकल होती. पण गाडी कधीतरी येणार आणि तेव्हा तोडफोड करून नवं छप्पर बसवता येत नाही, असं ठरलं. सगळ्या वस्तू एकेक करून वाचल्या. मग सासूबाई जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाल्या,

"विहीणबाईंची खोली राहू दे की सध्या. त्यांनासुद्धा मनातून लेकीकडे कायमचं राहणं प्रशस्त वाटत नसणार. मी आपली त्यांच्या मनातलं बोलते."

आजोबांनी माझ्याकडे न बघता खोडरबर घेतला आणि माझी पूर्वेची खिडकी, माझा कोनाडा, माझा बुटका ओटा खोडला. रबराचा चुरा फुंकून टाकला. "पुढच्या टप्प्यात घेऊ," म्हणाले.

मी कागद हातात घेऊन बघितला. खर्चाच्या बाजूची खोली गेली होती. जमेच्या बाजूला माझ्या आईचे पैसे तसेच होते.

मित्र गेल्यावर मी म्हटलं, "खोली खोडलीत तर ते पैसेही खोडा आणि तिला परत करा."

"अगं, ते आता दगडाला दिले," आजोबा म्हणाले. "आगाऊ दिल्याशिवाय खाणवाला दगड पाठवत नाही. पुढचा टप्पा सुरू झाला की पहिली खोली त्यांचीच. मी शब्द देतो."

पुढचा टप्पा मी बघितलेला होता. बंगळूरच्या निम्म्या घरांच्या गच्चीवर पुढच्या टप्प्याच्या सळ्या आकाशाकडे तोंड करून गंजत उभ्या असायच्या. पाखरं बसायची त्यांच्यावर.

मला नुसती खोली गेली म्हणून राग आला नव्हता. तुमची आई आम्हाला घरात नको, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते. पण तसं कुणी म्हणालंच नाही. सगळे हळहळत होते. भिंतच आडवी आली हो, असं सोसायटीतल्या बायका मला सांगायच्या. जणू भिंत धारवाडहून चालत आली होती. एका विधवा बाईची जमीन विकून आलेल्या पैशावर दगड रचले जात होते, आणि त्या दगडांमुळेच तिला जागा नव्हती. हे कुणाला दिसत नव्हतं, की दिसून सोयीचं नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

शाळेला सुट्टी लागल्यावर मी धारवाडला गेले. बातमी माझ्याआधी पोचली होती. सासूबाईंच्या एक मावसबहीण तिथे होत्या, त्यांच्यामार्फत. आई ट्रंक भरत होती. बेळगावला वडिलांचे एक चुलतभाऊ होते, त्यांच्याकडे जायचं ठरवलं होतं तिने. मोठं खटलं. स्वयंपाकाला माणूस हवंच होतं त्यांना. म्हणजे माझी आई, मास्तरांची बायको, दुसऱ्याच्या चुलीपुढे बसून उरलेलं आयुष्य पोळ्या लाटणार होती आणि रात्री कोठीच्या खोलीत निजणार होती. आणि त्याला नाव काय, तर आपल्याच माणसांत राहणं.

मी म्हटलं, तू एका शब्दाने तरी भांडायचं होतंस. पैसे तुझे होते.

"भिंत नसली तर घर पडेल," ती म्हणाली. "खोली नसली म्हणून काय पडतं?"

"तू पडशील," मी म्हटलं.

तिने ट्रंकेचं झाकण लावलं आणि मला जेवायला वाढलं. तिचाही मला इतका राग आला की जेवताना मी तिच्याशी बोलले नाही. घरमालकाला आणखी काही महिने थांबायला मीच जाऊन सांगितलं. तो बरा माणूस होता, थांबला.

परत आले तेव्हा घरावर छप्पर चढलं होतं, भिंत निम्म्यावर आली होती. सासूबाईंनी वास्तुशांतीचा मुहूर्त काढून ठेवला होता. भाड्याचं घर सोडायची वेळ झाली होती, आणि आधी पूजा करून राहायला जाऊ, दाखला नंतर घेऊ, असं ठरलं होतं. आमंत्रणं गेली. पूजेला नवराबायकोने जोडीने बसायचं असतं, तिचा पदर आणि त्याचं उपरणं गाठ मारून. गुरुजी यादी घेऊन आले तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, की माझ्या आईच्या खोलीचा पाया पडल्याशिवाय मी या घराच्या पूजेला बसणार नाही.

आधी सगळ्यांना वाटलं मी रुसले आहे. सासूबाईंनी समजूत काढली, मग कपाळाला हात लावला, मग देवांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या इंग्रजी शिक्षणाला दोष दिला. गुरुजी बिचारे पेचात पडले. ते म्हणाले, काही वेळा बायको गावाला असते, आजारी असते, तेव्हा शास्त्रात सोय आहे. तिच्या जागी सुपारी मांडतात आणि यजमान पूजा करतो.

"मांडा," मी म्हटलं. "मग पाहुण्यांचा स्वयंपाकही त्या सुपारीलाच सांगा. आणि पुढचा संसारही."

गुरुजींनी यादीची घडी घातली. सासूबाई आत निघून गेल्या. आजोबा मला म्हणाले, चल, जरा बाहेर.

आम्ही बस बदलून प्लॉटवर गेलो. तिथे पोचल्यावर त्यांनी विचारलं, की पैसे संपले आहेत, हे तुला माहीत आहे. मग मी काय करावं असं तुझं म्हणणं आहे?

मी त्यांना तो खड्डा दाखवला. घराची मागची बाजू आणि अर्धवट भिंत यांच्या मधे तो होता, आणि अजून अनेक ट्रक माती त्यात पडायची होती. मी म्हटलं, "तुम्ही माती विकत घेता, आणि ती माती पळू नये म्हणून भिंत विकत घेता. मातीच घालू नका. तिथे खोली बांधा."

मी काही शोध लावला नव्हता. चार मिनिटं तिथे उभं राहून कुणीही बघितलं असतं तर दिसलं असतं. भिंत आहे त्याच उंचीला थांबवायची, तीच खोलीची पुढची भिंत. आतल्या बाजूला, घराखालच्या मातीला लागून, दुसरी एक जाड भिंत, आणि ओल येऊ नये म्हणून तिच्यात आणि खोलीत हातभर मोकळी जागा. वर स्लॅब, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराला मागे अंगण. आजोबा खाली बसले आणि खडूने दगडावर आकडे मांडू लागले. न घातलेल्या मातीचे, न चढवलेल्या भिंतीचे. बराच वेळ बसले. दगडकामाचा मेस्त्री जवळ येऊन उभा राहिला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "आगुत्ते अक्का." होईल. "स्वल्प दगड फोडावा लागेल दारासाठी."

"सरी, ठीक आहे," आजोबा म्हणाले आणि हात झटकून उठले. "बसतंय हिशोबात."

माझं त्यांच्यावर प्रेम होतं आणि आम्ही पुढे खूप वर्षं चांगला संसार केला, हे तुम्ही बघितलेलं आहे. तरीही लिहिते. ती खोली माझ्या आईची होती, तिच्या पैशाची होती, म्हणून त्यांनी होकार दिला नाही. हिशोबात बसली म्हणून दिला. न बसती तर? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं आणि त्यांनाही.

मुहूर्त पुढे गेला. खोलीचा पाया पडला, मग मी पूजेला बसले. सुपारी लागली नाही.

खोली तयार झाली आणि मी आईला घेऊन आले. नकाशात आम्ही आतून एक जिना दाखवला होता, स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून थेट खाली. मेस्त्रीने त्यासाठी स्लॅबमधे जागा सोडली होती. आईने खाली उभं राहून त्या चौकोनातून दिसणारं आमचं स्वयंपाकघर बघितलं. मग जावयाला म्हणाली,

"एवढं बुजवून घ्या. जिना आला की घर एकच झालं. मग मी लेकीच्या घरात राहिले."

मी आकांडतांडव केलं. उपयोग झाला नाही. तिला खालच्या गल्लीत उघडणारं दार होतं, बसायला ओटा होता, स्वतःचा स्टोव्ह होता, आणि गल्लीचा नंबर वेगळा असल्यामुळे पत्ताही वेगळा होता. तिच्या दृष्टीने ती लेकीच्या घरी राहत नव्हती, त्याच गावात दुसऱ्या घरी राहत होती. सासूबाईंना हे फार पटलं. विहीणबाई आमच्या शेजारीच असतात, असं त्या आल्यागेल्याला सांगू लागल्या. जिन्याची जागा बुजवली. माझ्या पायाखाली माझी आई राहत होती. तिचा खोकला मला फरशीतून ऐकू यायचा. आणि तिला बघायला मला चपला घालून पुढच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता उतरून, वळसा घालून, मागच्या गल्लीत जावं लागायचं. पावसात छत्री घेऊन.

आणखी सांगते, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल. वर्षभरात सासूबाईंची आणि तिची गट्टी जमली. ज्या बाईने तिची खोली खोडायला लावली ती रोज दुपारी काठी टेकत तोच वळसा घालून तिच्याकडे कॉफी प्यायला जाऊ लागली. धारवाडची कॉफी, ताज्या भाजलेल्या बियांची. माझ्या आईला आमच्या घरचं चालत नव्हतं, पण सासूबाईंना विहिणीकडचं सगळं चालत होतं. परत येऊन मला सांगायच्या, "कॉफी करावी तर तुझ्या आईने. तुझी आपली इंग्रजी." दोघी भिंतीला पाठ लावून गल्लीत बसायच्या, शेंगा सोलायच्या, माझ्या तापट स्वभावाबद्दल बोलायच्या. त्यांचं दोघींचं मिटलं होतं. ज्या नियमाने माझी आई जमिनीखाली गेली तो दोघींनाही मान्य होता. भांडण माझं एकटीचं उरलं होतं.

एकदा तुमच्या बाबाचा वाढदिवस होता. मी हुग्गी केली, गव्हाची खीर, आईला फार आवडायची ती. मोठं पितळी भांडं भरून, वर झाकण ठेवून, वळसा घालून खाली गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. भांडं बघून तिचा हात थांबला. वास तिला आला होता. मी म्हटलं, एक वाटी घे, नातवाचा वाढदिवस आहे, देवाला काही दिसत नाही. ती विचारात पडली. तिला मला परत पाठवायचं नव्हतं आणि घ्यायचंही नव्हतं. मग तिचा चेहरा उजळला.

"या गल्लीत सणावाराला शेजारपाजारचं येतं, ते मी घेते," ती म्हणाली. "शेजारीण म्हणून आली असशील तर ये आत."

मी आत गेले. तिने माझ्यासमोर बसून खीर खाल्ली, मन लावून, दोनदा वाढून घेतली. मग भांडं घासून, पुसून, त्यात शेंगांचे लाडू भरले. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं ना. लेकीचं भांडं तसं कुणी भरून देत नाही. लेकीला नुसतं, घेऊन जा ग, म्हणतात. तिने दोन्ही हातांनी ते माझ्यापुढे धरलं, जसं परक्या बाईपुढे धरतात, आणि हसली. मी घेतलं.

गल्लीच्या वळणावर, जिथून तिचं दार दिसत नव्हतं, तिथे मी ते भांडं हातातल्या सगळ्या जोराने त्या दगडी भिंतीवर आदळलं. पितळेला मोठा पोचा आला. लाडू गटारापर्यंत गेले. पलीकडचे ते हिशोबखात्यातले गृहस्थ व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते चेहऱ्यापुढे आणखी उंच धरलं.

मग मी खाली बसून चांगले होते ते लाडू वेचले, पदराने पुसले, भांड्यात भरले आणि घरी नेऊन सासूबाईंच्या पुढे ठेवले. त्यांनी एक तोंडात टाकला. विहीणबाईंच्या हाताला काय चव आहे, म्हणाल्या.